तीन बोटं उंच हँडल

वरकुटे, ता. इंदापूर
१२ जानेवारी २०२५

मामा,

पाया पडते आणि लगेच कामाचं बोलते, कारण पाल्हाळ लावला की तुम्ही पत्र मामीकडं सरकवता हे मला माहीत आहे. फोन केला असता, पण चाळीस वर्षं गॅरेजात कान घालवून बसलेल्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे साऱ्या वस्तीला आपलं दुखणं ऐकवायचं. मागच्या खेपेला मी अर्धा तास ओरडले आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं, जेवून घे."

तर दुखणं असं. दिवाळीआधी हे पडले तेव्हापासून ह्यांची मोटारसायकल मी चालवते. कमरेचं हाड जुळत आलंय, पण अजून कुबडी घेऊन अंगणापुरतंच चालतात. गाडी ह्यांच्या लांब हातांच्या बेताची आणि मी जेमतेम पाच फूट. मूठ धरायला पुढं वाकावं लागतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. कालव्याच्या चारीच्या कडेचा खड्ड्यांचा रस्ता तुम्ही बघितलाय. घरी येईपर्यंत मान आखडते आणि संध्याकाळी भाकरी थापायला हात उचलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, गाडी सोडा. गाडी सोडून माझं भागणार नाही. तुम्ही मला उंच हँडल करून द्याल का? इंदापुरात पोरं लावतात तसलं दिखाऊ नको, पाठ सरळ राहील एवढंच हवं.

तुम्ही माप मागणारच, म्हणून घेऊन ठेवलंय. गाडी गोठ्यात डबल स्टँडवर लावली, पाठ सरळ करून बसले, हात सैल सोडले आणि प्रगतीनं टेप धरली. माझी मूठ जिथं आपसूक येते ती जागा आताच्या हँडलच्या साडेचार इंच वर आणि तीन इंच मागं आहे. गाडी लागते ती बाजारहाटाला, रानात जायला आणि प्रगतीला शाळेत सोडायला.

तुमची माधवी

(आत घडी घातलेली वेगळी चिठ्ठी)

रतनमामी, पाकीट तुम्हीच फोडता म्हणून हे लिहिते. मामांना दाखवू नका. गाडी बाजारहाटाला लागते हे खोटं आहे. ह्यांची दुधाची लाइन मी चालवते. अकरा घरांचं दूध गोळा करून संस्थेच्या केंद्रावर पोचवायचं, रोज दोन वेळा. मागं दोन कॅन, चाळीस-चाळीस लिटरचे. दवाखान्यात मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते की ते कॅन परत तुमच्या दारात दिसले तर मी पायरी चढणार नाही. म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. आणि मामी, मला हे काम आवडतं. पहाटे बायका दारात चरवी घेऊन माझी वाट बघतात, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालेलं नाही. पण संस्थेचे सचिव अप्पा म्हणतात की ही तात्पुरती सोय आहे, चैत्रातल्या जत्रेनंतर लाइन कायमची कुणाला द्यायची ते ठरवू. त्यांच्या मनात दुसरी लाइन चालवणारा ज्ञानेश आहे. मनगटं अशीच राहिली तर त्यांना ठरवायचीही गरज पडणार नाही.


कऱ्हाटी, ता. बारामती
२० जानेवारी

माधवी पोरी,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, मामीकडं सरकवलं नाही. माप चोख घेतलंस.

आता उंच हँडलाचं नीट ऐक. हँडल वर गेलं की माणूस सरळ बसतो. मनगटं सुटतात, मान मोकळी होते, नजर लांब जाते. पण मनगटावरचं वजन काही हवेत विरत नाही, ते बुडावर येतं. आजवर खड्ड्याचा दणका हात आणि पाय वाटून घेत होते, आता तो एकट्या माकडहाडाला बसणार. म्हणून खड्डा दिसला की पायांवर भार देऊन सीटवरून जरा उठायचं. दुसरं, मूठ खांद्याच्या वर जाता कामा नये. तुझ्या इंदापुरातली ती पोरं फांदीला लोंबकळल्यासारखी बसतात. दहा मिनिटांत त्यांच्या हाताला मुंग्या येतात आणि ऐन ब्रेक दाबायच्या वेळी बोटं बधिर. उंच हँडल असलं की हायवेला वारा थेट छातीवर येतो, पण तू काही सोलापूरला निघाली नाहीस, तेव्हा ते सोड.

साडेचार इंच म्हणजे सहा बोटं. तू एकटी बसणार, फार तर मागं प्रगती, तेव्हा चालून जाईल. हँडल बारामतीतून वाकवून आणलंय. सोबत लांब क्लचवायर, ब्रेकवायर आणि एक्सिलेटरवायर दिली आहे. जुन्या वायरी ओढूनताणून बसवू नकोस, नाहीतर वळताना इंजिन आपोआप चढेल. बसवल्यावर गाडी चालू करून हँडल पुरं डावीकडं आणि पुरं उजवीकडं फिरव. आवाज बदलला नाही तरच दाराबाहेर काढ. गाठोडं गुरुवारच्या दुपारच्या बारामती-इंदापूर एसटीत कंडक्टरकडं देतोय, स्टँडवर घे.

संभाजीरावांचे ते कॅन घरातून गेले हे फार बरं झालं. का ते विचारू नकोस.

मामा


वरकुटे
२ फेब्रुवारी

मामा,

हँडल मीच बसवलं. हे बाजेवर बसून "आता बारा नंबरचा पाना घे, उलटा फिरवू नगंस" असं कारखान्याच्या इंजिनिअरसारखं सांगत होते. सासूबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी हाय का म्हस? शिंगं केवढी काढल्यात!" आता गल्लीतली पोरं गाडीला म्हसच म्हणतात.

म्हणू देत. मामा, मी सरळ बसले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला पुढचा रस्ता दिसला, नाहीतर नुसतं टाकीचं झाकण बघत होते. आठ दिवसांत मनगटांची ठणक निम्म्यावर आली. काल भाकरी थापल्या, मोजून चौदा. तुम्हाला किती आशीर्वाद देऊ? मी लहान आहे, आशीर्वाद देता येत नाहीत, पण दिले असं समजा.

माधवी

(वेगळी चिठ्ठी)

मामी, रिकामी गाडी लोण्यासारखी चालते. पण कॅन भरले की पुढचं चाक जमिनीला नीट टेकतच नाही. जरा वेग घेतला की हँडल हातात थरथरतं, ताक घुसळताना रवी थरथरते तसं. परवा चारीच्या पुलाचा चढ चढताना पुढचं चाक चक्क हातभर वर उचललं. कशीबशी पाय टेकून सावरले, चार लिटर दूध मात्र सांडलं. बानूबाईच्या गाईचं होतं. तिनं उलट मलाच लागलं का म्हणून विचारलं, त्याचंच वाईट वाटलं. मामी, तुम्ही मामांना दुसऱ्या कुणाचं म्हणून विचाराल का, असं का होतं?


कऱ्हाटी
९ फेब्रुवारी

माधवी,

काल जेवताना तुझी मामी म्हणाली, "अहो, एखाद्या बाईनं उंच हँडल लावलं आणि मागं लई वजन असलं, तर पुढचं चाक उचलंल का वो?" लग्नाला छत्तीस वर्षं झाली. या बाईनं मला गाडीबद्दल आजवर एकच प्रश्न विचारलाय, तो म्हणजे हात धुतले का. मी ताटावरून उठलो. मग दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या, पिठाच्या डब्यातून.

तू मला खोटं सांगितलंस. मापसुद्धा खोटं दिलंस. डबल स्टँडवर, रिकाम्या गाडीवर! ऐंशी लिटर मागं आले की मागचे शॉकअप बसतात, गाडीचं नाक वर होतं आणि हँडल अजून वर, अजून मागं येतं. त्यात मी तुला सरळ बसवून तुझंही वजन मागं सारलं. पुढच्या चाकावर उरलं काय? मला खरं सांगितलं असतंस तर सहा बोटं मी मेलो तरी दिली नसती. माझ्याच हातानं मी तुला पडायची सोय करून दिली.

आणि हे दुसऱ्यांदा झालं. संभाजीरावांचं कॅनचं कॅरिअर मी वेल्ड केलं होतं, गेल्या वर्षी, घाईत. मागच्या चाकाच्याही मागं हातभर निघालेलं. पडले तेव्हा दवाखान्यात येऊन मी आधी त्यांना बघितलं नाही, बाहेर जाऊन गाडीचं कॅरिअर बघितलं आणि मला कळलं. म्हणून कॅन नकोत म्हणालो. माझी चूक होती आणि ती तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

लाइन सोड. हँडल परत पाठव. ज्ञानेशला करू दे काय करायचं ते.

महिपती


वरकुटे
१४ फेब्रुवारी

मामा,

खोटं सांगितलं ही माझी चूक. तुम्ही समोर असता तर पाय धरले असते. पण लाइन सोडणार नाही.

परवा केंद्रावर अप्पांना विचारलं की मी तीन महिन्यांत एकही दिवस खाडा केला नाही, मग लाइन माझ्या नावावर का होत नाही? केंद्रावर दहा माणसं होती. अप्पा म्हणाले, "बाई माणसाचं काम न्हाय त्ये. चार लिटर सांडलं का न्हाय पुलावर?" संस्था बायकांची, सभासद सगळ्या बायका, आणि सचिव अप्पा, हे तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, सांडलं, भरूनही दिलं. तर म्हणाले, "मग जत्रंत उतर की. पाय न टेकता पट्टा पार कर, मग बोलू." दहाही जण हसले. मी हो म्हणून आले.

आमच्या जत्रेत दूधवाल्यांची हळू गाडीची शर्यत असते. मागं दोन कॅन गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेले, झाकणं काढलेली. पन्नास फुटांचा पट्टा. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला तर बाद, फक्कीची रेघ ओलांडली तर बाद, पाणी सांडलं तर बाद. आजवर एकही बाई उतरलेली नाही. आणि मी ज्या हँडलावर उतरणार ते रस्त्यावरच माझं ऐकत नाही.

तुमच्याशिवाय हे मला कुणी नीट करून देणार नाही. तुम्ही आला नाहीत तरी मी उतरेन, पण मग पडेन. खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

माधवी

मामा, नमस्कार. पत्र लिहायची सवय न्हाय. कॅरिअरचं तुमी मनाला लावून घेतलंय ते आज कळलं. त्या दिवशी वळणावर मी एका हातात फोन धरून बोलत होतो. समोर कुत्रं आलं. दुसरा हात असता तर सावरलो असतो. हे मी माधवीला बी सांगितलं नव्हतं, तिनं आत्ता वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. तुमी या. — संभाजी


कऱ्हाटी
३ मार्च

माधवी,

शनिवारी येऊन गेलो. दिवसभर तुझ्याशी एक शब्द बोललो नाही याचा राग धरू नकोस. बोललो असतो तर ओरडलो असतो, आणि मध्येच रडलोही असतो, तुझ्या सासूबाईंसमोर ते बरं दिसलं नसतं. द्वारकाबाईंनी मला तीन वेळा चहा दिला आणि तिन्ही वेळा विचारलं, "म्हशीची शिंगं कापायला आलासा व्हय?" मी मान डोलावली. ऐकू आलं होतं, एवढं ऐकू येतं मला.

काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी पाना लावला तर तुला सांगता येईल. हँडल आता तीन बोटंच उंच आहे. पण मागं तेवढंच ओढलंय, म्हणून तुझी पाठ सरळ राहते आणि कोपर जरा वाकलेलं राहतं. माप या वेळी दोन्ही कॅन भरून, गाडी जमिनीवर ठेवून आणि तुला वर बसवून घेतलं, ते तू बघितलंसच. खरी करामत हँडलात नाही, कॅरिअरमध्ये आहे. कॅन चांगले हातभर पुढं आणले, तुझ्या मांडीच्या मागं, आणि चार बोटं खाली. आता वजन दोन्ही चाकांच्या मध्ये बसतं. हँडल उंच असणं वाईट नव्हतं, वजन चुकीच्या जागी होतं. हे मला चाळीस वर्षांनंतर तुझ्या गोठ्यात उमजलं.

दूध गोळा करताना एक कॅन गच्च भरून मग दुसरा भरायला घेऊ नकोस. दोन्हीत घराघराला सारखं वाटत जा. अर्धवट कॅन हिंदकळतो आणि गाडीला आपल्या बाजूला ओढतो.

शर्यतीचं. हँडल थोडं उंच आणि रुंद असलं की हळू चालताना हाताचा जोर कमी लागतो, बारीकसं वळवलं तरी चाक ऐकतं. तो तुझा फायदा आहे, ज्ञानेशच्या बुटक्या हँडलाला तो नाही. क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. गुडघ्यांनी टाकी धर आणि हात सैल. चाकाकडं बघायचं नाही. लांब काहीतरी धर, झाड, खांब, काहीही, आणि त्याच्याकडं बघत राहा. रोज केंद्रावरून रिकामी येताना वस्तीच्या वाटेवर दहा फेऱ्या मार.

संभाजीरावांना सांग, त्यांच्या दोन ओळी मी खिशात ठेवल्या आहेत. कॅरिअर तरीही चुकलं होतं. पण झोप लागते आता.

मामा


वरकुटे
१४ एप्रिल

मामा!

काल जत्रा झाली. मी तुम्हाला पहिल्या ओळीतच सांगणार होते, पण आता लिहायला बसले आणि वाटतंय की तुम्हाला थोडं तरसवावं. चार महिने मलाही तरसवलंय सगळ्यांनी.

सात पट्टे आखले होते. सहा बाप्ये आणि मी. पाणी भरताना ज्ञानेशनं माझ्या हँडलाकडं बघून विचारलं, "वहिनी, म्हस दूध देती का?" लोक हसले. मी पण हसले आणि कॅन गळ्यापर्यंत भरून घेतले. सासूबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी, कपाळाला आठ्या.

शिट्टी झाली. पहिल्या दहा फुटांत दोघं गेले, एकाचं पाणी सांडलं, एकाचा पाय टेकला. मला ते नंतर कळलं. मी समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत होते, दुसरं काही नाही. क्लच अर्धा, ब्रेक हलका. मनगटात दुखणं शोधलं तर सापडलं नाही. मामा, गाडी उभी होती म्हणावं तर चालत होती आणि चालत होती म्हणावं तर उभी होती. हँडल जरा इकडं, जरा तिकडं, आणि मागचं पाणी गप्प. अर्ध्यावर आलो तेव्हा तिघं राहिलो होतो. मग डावीकडच्याचं चाक रेघेवर गेलं आणि कुणीतरी शिवी हासडली. मग मी आणि ज्ञानेश.

तो माझ्या मागं होता. म्हणजे तो जिंकत होता. माझ्या पुढं पंधरा फूट राहिले होते आणि त्याच्या पुढं वीस. तेवढ्यात मला सासूबाईंचा आवाज आला, "माधवे, थांब की गं! घाई काय हाय तुला? घरी कोन वाट बघतंय?" आणि मी खरंच थांबले. पुरी थांबले, मामा. पाय वर, गाडी उभी, हँडल डावीकडं वळवलेलं, मनात एक, दोन, तीन मोजत होते. सहापर्यंत गेले. ज्ञानेशला वाटलं मी आता पडणार, तो माझ्याकडं बघायला वळला आणि त्याचा पाय टेकला.

मग पंधरा फूट मी एकटी. पाळण्याचा भोंगासुद्धा कुणीतरी बंद केला होता. रेघ ओलांडली तेव्हा अप्पांच्या फोनवर एक मिनिट पंधरा सेकंद झाले होते. कॅनमध्ये काठी घालून बघितलं, पाणी होतं तेवढंच होतं.

जिंकले, मामा. मी जिंकले!

सासूबाई उठून आल्या आणि गाडीच्या हँडलाला हळदकुंकू लावलं, मला नाही. ह्यांनी कुबडी प्रगतीच्या हातात दिली आणि माझ्यापर्यंत तशीच नऊ पावलं टाकत आले. ज्ञानेश सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, मामांचा पत्ता द्या." मनाचा चांगला आहे तो.

पण अप्पा अप्पाच. माइकवरून माझं नाव घेतलं, नारळ दिला आणि म्हणाले, "शर्यत येगळी आन् रोजचा रस्ता येगळा. लाइनीचं मीटिंगमदी बघू." मला वाटलं, झालं, परत तेच. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बानूबाई उभी राहिली. तीच, जिचं चार लिटर सांडलं होतं. ती म्हणाली, "अप्पा, मीटिंग कशाला? दूध आमचं हाय. म्या माधवीच्याच कॅनमदी घालनार. दुसरा कोन आला तर गाय वासराला पाजीन." मग चंद्राबाई उठली. मग एकेक करून अकराची अकरा घरं उभी राहिली, जत्रेच्या मैदानात, डोक्यावर पदर घेऊन. अप्पांनी माइक खाली ठेवला.

आज पहाटे केंद्रावरच्या फळ्यावर वस्तीच्या लाइनीपुढं माझं नाव लिहिलेलं होतं. अप्पांचंच अक्षर. मी कॅन मापाला दिले आणि ते नाव दोनदा वाचलं.

तुमची माधवी


कऱ्हाटी
२० एप्रिल

माधवी,

प्रगतीनं तुझ्या मामीच्या फोनवर शर्यतीचा व्हिडिओ पाठवला. मला आवाज काही ऐकू आला नाही. मी अकरा वेळा बघितला आणि अकराही वेळा फक्त पुढचं चाक बघितलं. ते जमिनीवर होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत जमिनीवर. तू थांबलीस तिथंसुद्धा.

बाराव्या वेळी मामी म्हणाली, "अवो, पोरीच्या तोंडाकडं तरी बघा." मग बघितलं. तुझी आई शाळेत पहिली आली होती तेव्हा तिचं तोंड असं झालं होतं. मला अभिमान वाटतो तुझा, माधवी. हे तोंडावर सांगायला मला जमणार नाही, म्हणून कागदावर घे.

ज्ञानेश काल येऊन माप देऊन गेला. कॅन भरून आणायला लावले त्याला, कऱ्हाटीपर्यंत. डाळजहून दोन बायका येणार आहेत म्हणून निरोप आहे.

पत्राच्या शेवटी "गाडी सावकाश चालव" असं लिहिणार होतो. पण पन्नास फुटांना सव्वा मिनिट लावणाऱ्या बाईला ते आता कोणत्या तोंडानं लिहू?

तुझा मामा
महिपती